एमा स्वानचे चिलखत

‘वन्स अपॉन अ टाइम’ ही एबीसी वाहिनीवर २०११ ते २०१८ या काळात सात पर्वांत प्रसारित झालेली अमेरिकी मालिका परीकथांतील पात्रांच्या सरमिसळीसाठी ओळखली जाते. स्नो व्हाइट, तिचा राजपुत्र, दुष्ट राणी रेजिना, रम्पेलस्टिल्टस्किन, कॅप्टन हुक अशी सारी मंडळी तिच्यात आहेत. माझ्या मते मात्र ही मालिका पाहावी ती जेनिफर मॉरिसनने उभ्या केलेल्या एमा स्वानसाठी. कोणालाही जवळ येऊ न देणारी एक बाई हळूहळू माणसांवर विश्वास ठेवायला शिकते, ही गोष्ट एवढ्या सबुरीने सांगणाऱ्या अद्भुतरम्य मालिका मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

एमा बॉस्टनमध्ये एकटी राहते आणि जामिनावर सुटून पसार झालेल्यांना शोधून काढण्याचे काम करते. समोरचा खोटे बोलतो आहे हे आपल्याला लगेच कळते, असे ती सांगते. रस्त्याच्या कडेला सापडलेले हे मूल तीन वर्षांचे असताना सांभाळणाऱ्या कुटुंबाने परत केले, कारण त्यांना स्वतःचे मूल होणार होते. पुढे जिच्यावर जीव जडला त्या माणसामुळेच ती तुरुंगात गेली आणि तिथे जन्मलेला मुलगा तिने दत्तक देऊन टाकला. एवढे कळल्यावर तिचा तुसडेपणा खटकत नाही. मालिकेचा मोठेपणा असा की ती या सावधपणाला दोष मानत नाही. ज्या गुणांनी एमा तगली, तेच आता तिच्या आड येत आहेत, एवढेच दाखवते.

पहिल्याच भागात अठ्ठाविसाव्या वाढदिवशी ती छोट्याशा केकवर ताऱ्याच्या आकाराची मेणबत्ती लावते, डोळे मिटून इच्छा मागते आणि दारावरची घंटा वाजते. दारात दहा वर्षांचा हेन्री उभा असतो आणि मी तुझा मुलगा आहे, असे सांगतो. एमा त्याला कवटाळत नाही, रडतही नाही. न्हाणीघरात जाऊन दार लावून घेते आणि श्वास सावरते. नंतर त्याला घरी पोचवायला म्हणून ती स्टोरीब्रुक गावी जाते. तिथल्या मनोऱ्यावरचे घड्याळ कित्येक वर्षे सव्वाआठावर अडकलेले असते. ‘एक आठवडा राहते’ असे म्हणून तिने खोली घेतल्यावर तो काटा पुढे सरकतो. प्रेमाचा शब्दही न उच्चारता केवळ थांबण्याच्या निर्णयाला एवढे वजन देणारा हा प्रसंग मला संपूर्ण मालिकेतील सर्वांत नेमका वाटतो.

परीकथांतील माणसांना स्वतःची ओळख विसरायला लावून स्टोरीब्रुकमध्ये अडकवणारा रेजिनाचा शाप पहिल्या पर्वाच्या शेवटी तुटतो, तो एमाने हेन्रीच्या कपाळाचे चुंबन घेतल्याने. सामान्य मालिका इथे सगळे गोड करून मोकळी झाली असती. दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला मात्र एमाची खरी आई असलेली स्नो व्हाइट लेकीला मिठी मारते आणि एमा ताठच राहते. आईबापांनी तिला वाचवण्यासाठीच दूर पाठवले होते हे तिला कळलेले असते, तरी मी अठ्ठावीस वर्षे एकटी होते, हे ती त्यांना ऐकवल्याशिवाय राहत नाही. नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या मावशीबरोबर मी हा भाग पाहिला. ‘अगं, एवढ्या वर्षांचा राग एका मिठीत कसा जाईल?’ असे ती लगेच म्हणाली, आणि मालिकेच्या लेखकांनाही नेमके हेच उमगले आहे.

तिसरे पर्व सर्वांत सरस आहे. नेव्हरलँड या जादुई बेटावर पीटर पॅन एमाच्या हाती कोरा नकाशा देतो. ती आपण कोण आहोत हे नाकारणे थांबवेल तेव्हाच तो उमटणार असतो. शूर, तारणहार, राजकन्या अशी बिरुदे लावून काही घडत नाही. अखेर आपल्याला अजूनही अनाथच वाटते, असे ती सख्ख्या आईसमोर कबूल करते आणि रेषा दिसू लागतात. आईच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटते, ते जिनिफर गुडविनने फार संयमाने दाखवले आहे. पर्वाच्या अखेरीस भूतकाळातून परतताना, आपल्याला याच घरी राहायचे आहे हे एमा मान्य करते तेव्हाच तिची गेलेली जादू परत येते, आणि परतल्यावर ती स्नोला प्रथमच मनापासून ‘आई’ म्हणते.

माझ्या घोडबंदर रोडच्या भाचीला एमा आणि हुक यांची प्रेमकथा सर्वांत भावते. ती चांगली आहेच, विशेषतः हुक घाई करत नाही म्हणून. तरीही एमाचे खरे बदलणे मला आईशी आणि मुलाशी असलेल्या नात्यातच दिसते.

चौथ्या पर्वापासून तोल ढळतो. मनातली भीती जादूच्या रूपाने बाहेर पडणे एकदा पटते, पण वारंवार तेच झाल्यावर भावनेचे काम कथानकच उरकू लागते. रेजिनाला वाचवण्यासाठी एमा काळोखी शक्ती स्वतःवर घेते, हा त्याग तिला शोभणारा आहे. पाचव्या पर्वात मात्र पांढरे केस आणि काळा पोशाख यांवरच जास्त भर दिला आहे. सहाव्या पर्वातील संगीतमय लग्नाचा भाग हा सन्माननीय अपवाद आहे. आईबापांची गाणी लहानपणापासून तिच्या हृदयात होती, म्हणजे ती कधीच पूर्ण एकटी नव्हती, ही कल्पना पहिल्या पर्वातल्या मेणबत्तीपाशी थेट पोचते. सातव्या पर्वात एमा जवळपास नाहीच, त्यामुळे तिच्यासाठी पाहणाऱ्यांनी ते सोडले तरी चालेल.

एकेक पर्व साधारण बावीस भागांचे असून प्रत्येक भाग पाऊण तासाच्या आत संपतो. पहिली तीन पर्वे क्रमाने पाहावीत, कारण निवडक दृश्ये पाहून एमा केवळ रागीट वाटते. जिवंत माणसाच्या छातीतून हृदय उपटून काढण्याची दृश्ये वरचेवर येतात, म्हणून लहान मुलांसोबत पाहताना मोठ्यांपैकी कोणीतरी शेजारी असावे.