होनर स्पेशल २०: गाऊन-वाजवून बँडमध्ये फिरायचं असेल तर घ्यावी का?

आधी एक क्लिअर करतो, होनर कंपनीची स्पेशल २० ही हार्मोनिका आहे, पण आपल्याकडचा नेहमीचा माउथ ऑर्गन नाही. दुकानात नुसतं माउथ ऑर्गन दाखवा म्हटलं की बऱ्याच ठिकाणी चोवीस होलवाला ट्रेमोलो काढून देतात. त्यात एकाच सुराला दोन रीड (हवेने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) किंचित वेगळे लावलेले असतात म्हणून आवाज थरथरतो, जुन्या हिंदी गाण्यांच्या चाली त्यावर मस्त वाजतात, पण ब्लूज या अमेरिकन संगीतात सूर जसा खाली खेचतात तसं त्यावर जवळपास होतच नाही. स्पेशल २० दहा होलची डायटॉनिक, म्हणजे एकाच पट्टीचे सूर असलेली आहे, दहा रीड फुंकायचे, दहा ओढायचे. ज्यांना स्वतःची गाणी लिहून गायचीत आणि पुढेमागे बँडबरोबर गावोगाव वाजवायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी ही घेतली ती जॉन पॉपरमुळे, ब्लूज ट्रॅव्हलर या अमेरिकन रॉक बँडचा गायक, बरीच वर्षं हेच मॉडेल वाजवायचा. त्याची गोष्ट भारी आहे. न्यू जर्सीत प्रिन्स्टनच्या हायस्कूलमध्ये हा जॅझ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, एक दिवस वर्गात हार्मोनिकावर सोलो वाजवला आणि मग सरांनाच पटवलं की मला हेच वाजवू द्या. ड्रमर ब्रेंडन हिल, गिटारवर चॅन किंचला, बेसवर बॉबी शीहान, सगळी तिथलीच पोरं, १९८७ ला ब्लूज ट्रॅव्हलर हे नाव घेतलं आणि शाळा संपल्यावर न्यूयॉर्क गाठलं. पॉपरने तिथे न्यू स्कूलला जॅझ शिकायला अॅडमिशन घेतली, पण रात्री क्लबात वाजवता वाजवता कॉलेज मागेच पडलं. पहिला अल्बम १९९० चा. उन्हाळ्यात मोठ्या ओपन एअर जागा एकट्या बँडला परवडत नाहीत, म्हणून १९९२ ला फिश, स्पिन डॉक्टर्स, वाइडस्प्रेड पॅनिक अशा बँडना सोबत घेऊन होर्ड नावाचा फिरता फेस्टिवलच काढला, म्हणजे तिकिटं खपवायला सगळे मिळून. त्याच वर्षी मोटरसायकलचा मोठा अपघात झाला तर हा गडी नंतर व्हीलचेअरवर बसून शो करत होता. रेडिओवर खरा गाजला तो १९९४ चा चौथा अल्बम आणि ग्रॅमी १९९६ ला, तोपर्यंत नुसता रस्ता आणि स्टेज. १९९९ ला शीहान गेला, त्याच्या जागी चॅनचा भाऊ टॅड आला, आणि बँड अजून चालू आहे.

हे सगळं रिव्ह्यूत का, तर असं रोज वाजवायचं म्हटल्यावर वाद्याकडून काय लागतं ते यातून कळतं. लाकडी कोंब (इंग्रजीतला comb, म्हणजे हवेचे खाचे असलेला मधला भाग) असलेल्या जुन्या पद्धतीच्या हार्मोनिकेत थुंकी जाऊन लाकूड फुगतं आणि ओठाला टोचायला लागतं, आपल्याकडे पावसाळ्यात तर विचारूच नका. स्पेशल २० चा कोंब प्लास्टिकचा, रीडप्लेट म्हणजे रीड लावलेले पत्रे त्यात आत बसवलेले, कडा गोलसर, त्यामुळे तासभर वाजवून परत गायला उभं राहिलं तरी ओठ सोललेले नसतात. खिळ्यांऐवजी स्क्रू आहेत, उघडून साफ करता येते, रीडप्लेट बदलता येते. हवा लीक होत नाही म्हणून कमी दमात वाजते, आणि मधेच गायचंय त्याला दम जपणं काय असतं ते माहितीय.

आता सुरांचं. सी पट्टीतली घेतली तर चौथ्या होलपासून सातव्यापर्यंत सा रे ग म प ध नि सा सरळ मिळतात. खालच्या सप्तकात मात्र म आणि ध गायब, ते दुसऱ्या आणि तिसऱ्या होलला ओढताना सूर वाकवून काढावे लागतात आणि तिथेच नवीन माणसाचे दोन-तीन महिने जातात. यावर ते निघतात, स्वस्तातल्या हार्मोनिकेवर नुसती फुस्स हवा. बँडवाले बहुतेक सी ची हार्मोनिका घेऊन गाणं जी मध्ये वाजवतात, म्हणजे प ला सा धरायचं, मग आपोआप कोमल नि येतो, आपला खमाज थाटच की. त्यात तिसरं होल अर्धा सूर खाली ओढलं की कोमल ग, आणि झाला ब्लूज तयार.

वाईट काय, तर खर्च. काही हजाराला एक, आणि एकीवर भागत नाही. डी मधल्या गाण्याला जी, ए ला डी, ई ला ए अशा वेगवेगळ्या लागतात, पॉपर तर सगळ्या पट्ट्यांच्या हार्मोनिका काडतुसांच्या पट्ट्यासारख्या अंगावर बांधून स्टेजवर यायचा. त्यात ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार सुरू झाले की आपला आवाज येत नाही म्हणून माणूस जोरात ओढतो, आणि जोरात ओढलं की रीड बसतो. माझा चौथा ओढायचा रीड असाच उतरला. हा दोष कंपनीचा म्हणणार नाही, माइक आणि अॅम्पवर खर्च करा, वाद्यावर जोर काढू नका. पॉपर तरी एवढ्या सुपरफास्ट लाईनी काढतो त्या काय नुसत्या फुफ्फुसांवर नाही, अॅम्पमधून गिटारशी भांडत असतो. आणि एक लक्षात घ्या, तो गाताना वाजवत नाही, ओळ संपली की हार्मोनिका सुरू, त्यामुळे गाणं लिहितानाच ओळींमधे जागा सोडावी लागते. गळ्यातल्या स्टँडवर वाजवणार असाल तर तो स्टँड घट्ट पकडणारा बघा, माझा पहिला ढिला निघाला होता आणि सोलोत तोंड शोधत फिरायचो.

माझे पाचपैकी साडेचार. पहिली सी घ्या, मग ए आणि डी, आणि बाकीच्या हार्मोनिका आपल्या बँडची गाणी कोणत्या पट्टीत आहेत ते बघून. ऑनलाइन मागवली तर आल्या आल्या वीसही रीड हळू फुंकून-ओढून तपासा, रिटर्नची मुदत संपल्यावर तोंडाला लावलेली वस्तू कोणी परत घेत नाही.