कारखान्यातील राउटर आणि स्विच: वेब पान की एसएसएच?

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीचे देखभालप्रमुख विचारत होते, की राउटर आणि स्विच ही नेटवर्क जोडणारी उपकरणे ब्राउझरमधील वेब पानावरून सांभाळावीत, की ते पान बंद करून एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून सुरक्षित जोडणीतून टाइप करून, कमांड द्याव्यात.

धोक्याच्या बाबतीत फरक मोठा आहे. वेब पान म्हणजे उपकरणात सतत चालू असलेला सर्व्हर. त्यातच चूक निघाली, तर अवघड पासवर्डही कामी येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीच्या आयओएस एक्सई प्रणालीत हेच उघड झाले: हल्लेखोरांना लॉगिन न करता सर्वोच्च अधिकारांचे खाते तयार करता येत होते, आणि इंटरनेटला उघड्या असलेल्या उपकरणांवरील वेब सर्व्हर बंद करा, असे खुद्द कंपनीने सांगितले. एसएसएचही निर्दोष नाही, पण त्याचा पसारा लहान असतो.

खर्च दोन्हींत जवळपास सारखाच. श्रम मात्र एसएसएचला अधिक लागतात, कारण कमांड शिकाव्या लागतात, आणि रात्रपाळीतल्या नवख्या माणसाला ते जड जाते, ही अडचण खरी आहे.

कमांड जाणणारा माणूस असेल किंवा चिकोडीकडच्या साखर कारखान्याचे नेटवर्क बेळगावात बसून पाहायचे असेल, तर एसएसएचच घ्यावे, तेही व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरील कूटबद्ध खासगी जोडणीतून. असा माणूस नसलेल्या लहान युनिटने वेब पान ठेवावे. पण ते एचटीटीपीएसवर (कूटबद्ध वेब जोडणीवर), वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच नेटवर्कच्या अलग पाडलेल्या भागात) आणि एकाच ठरावीक संगणकापुरते उघडे असावे, आणि फर्मवेअर, म्हणजे उपकरणातील मूळ सॉफ्टवेअर, वेळच्या वेळी अद्ययावत करावे.