रबरी खरारा: घोड्याला उत्तम, कुत्र्याला बेताचा

घोड्या-कुत्र्यांची ओढ मला आजीकडून मिळाली आणि त्या ओढीबरोबर तिचा दात बोथट झालेला लोखंडी खराराही, म्हणजे घोड्याचे अंग घासून साफ करायची दातेरी वस्तूही, माझ्याकडे आला. त्यामुळे वेष्टनावर ‘घोडा आणि कुत्रा, दोघांसाठी एकच’ असे ठळकपणे छापलेला हा संच मी तिच्याच कसोट्या लावून पारखला आहे. संचात एक रबरी खरारा, एक राठ व एक मऊ ब्रश, आयाळीची फणी आणि खुरातील घाण काढायची आकडी एवढ्या वस्तू आहेत.

यांत सर्वांत जमून आलेली वस्तू म्हणजे खरारा. लोखंडी खरारा घोड्याच्या अंगावर थेट फिरवणे आजीला मुळीच खपत नसे. ब्रशमध्ये साठलेली धूळ त्याच्या दातांवर घासून काढण्यापुरताच ती तो वापरी. घोड्याला अंगावर बसलेली माशीसुद्धा जाणवते आणि त्वचेखालच्या पातळ स्नायूने तेवढीच जागा थरथरवून तो ती उडवून लावतो, अशा कातडीवर लोखंडाचे दात ओढणे म्हणजे छळच होय. रबराचे आखूड, लवचीक दात मात्र न टोचता केसांच्या मुळापर्यंत पोहोचतात. खरारा गोलाकार फिरवला की वाळलेला चिखल, कोंडा आणि सुटलेले केस वर येतात, आणि मग राठ ब्रश केसांच्या दिशेने चालवून, प्रत्येक वेळी मनगटाला हलका झटका देऊन, ते बाहेर टाकता येतात. दिवस मोठे होऊ लागले की वाढत्या प्रकाशाच्या इशाऱ्याने घोडे हिवाळी केस टाकू लागतात, त्या हंगामात खराऱ्याचा खरा कस लागतो. याचे दात केसांनी गच्च भरले तरी खांबावर आपटताच मोकळे होतात, ही मोठीच सोय आहे.

रबर पातळ असल्यामुळे तळहाताला खालचे सगळे कळते, आणि माझ्या मते या वस्तूचा सर्वांत मोठा गुण तोच आहे. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पट्टा, जिथे आवळला जातो तिथली सूज, खोगिराखालची गरम लागणारी जागा किंवा केसांत दडलेली खपली डोळ्यांना दिसण्याआधी हाताला लागते. खरारा करणे म्हणजे जनावर रोज तपासणे, असे आजी मानत असे. मानेच्या बुडाशी, खांद्यावरच्या उंचवट्यापाशी हात पोहोचला की आमची घोडी मान लांबवते आणि वरचा ओठ पुढे काढून हलवत राहते. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते बहुधा याच भागात, आणि तिथे खाजवले असता त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. चेहरा आणि गुडघ्याखालचे पाय यांवर मात्र हाडे कातडीच्या लगेच खाली असल्याने तिथे खरारा न चालवता मऊ ब्रशच वापरावा. संचातला मऊ ब्रश त्यासाठी पुरेसा आहे, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

कुत्र्याच्या बाबतीत वेष्टनावरचा दावा अर्धाच खरा ठरतो. आखूड केसांच्या कुत्र्याला हा खरारा मनापासून आवडतो आणि गळणारे केसही चांगले निघतात. पण ज्यांच्या अंगावर बाहेर राठ केस आणि आत दाट मऊ लव असते, त्यांच्यावर तो वरच्यावरच घसरतो. लव तशीच राहते आणि कानामागे, काखेत गुठळ्या होतात. त्यासाठी लांब दातांची धातूची फणीच हवी, आणि आयाळीसाठी दिलेली प्लॅस्टिकची फणी ते काम करू शकत नाही.

त्याहून गंभीर आक्षेप ‘दोघांसाठी एकच’ या शब्दांवर आहे. गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग ब्रशला चिकटलेल्या केसांतून एका जनावराकडून दुसऱ्याकडे, आणि माणसाकडेही, जाऊ शकतो. आजी कुत्र्याच्या ब्रशला लाल दोरा बांधून तो वेगळ्या खुंटीवर ठेवी. निर्मात्यांनी दोन रंगांचे दोन खरारे दिले असते, तर हा प्रश्नच उरला नसता. घोडे एकाहून अधिक असतील, तर प्रत्येकाचा ब्रशही वेगळा ठेवणेच शहाणपणाचे आहे.

आकडीने मात्र पूर्ण निराशा केली. खुराची घाण टाचेकडून पुढच्या टोकाकडे काढायची असते, म्हणजे मधल्या त्रिकोणी मऊ भागाला टोक रुतत नाही. ते करताना अडकलेला खडा उचकटायला जोर लावावा लागतो, आणि नेमक्या त्याच जोराने हिची प्लॅस्टिकची मूठ तडकली. खरारा सुटा मिळत असेल तर तेवढाच घ्यावा आणि तो सावलीत टांगावा, कारण उन्हात रबर कडक होऊन चिरते. आकडी मात्र अखंड लोखंडाची, आणि गवतात पडली तरी चटकन दिसेल अशा भडक रंगाची, वेगळी विकत घ्यावी.