फ्लड फिल: रिकर्शन लिहू की स्टॅक?

ठिपके आणि हॅश (#) यांची एक ग्रिड, म्हणजे घरांचा तक्ता, आहे. एका ठिपक्यापासून निघून त्याला लागून असलेले सगळे ठिपके बदलायचे आहेत, पाणी पसरत जावं तसे; हेच फ्लड फिल. पायथॉनमध्ये हे तीन प्रकारे जमतं.

रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, सहा-सात ओळींत बसतं: हद्दीबाहेर असाल तर परत फिरा, ठिपका नसेल तर परत फिरा, घर भरा, चारही शेजाऱ्यांसाठी तेच फंक्शन बोलवा. समजायला याहून सोपं काही नाही. घोडं अडतं ते खोलीपाशी, म्हणजे एकात एक किती कॉल्स जातात तिथे. पायथॉनची मूळ मर्यादा १००० कॉल्सची, आणि मोकळ्या मैदानात हे फंक्शन नागमोडी आत आत शिरतं. ३२ × ३२ ची रिकामी ग्रिड घ्या, डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे, खाली, डावीकडे, वर या क्रमाने निघा: सगळी १०२४ घरं एकाच साखळीत येतात आणि रिकर्शन एरर पदरी पडतो. साध्या स्क्रिप्टमध्ये ३१ × ३१ निभावतं. मर्यादा वाढवता येते, पण ती मला मलमपट्टी वाटते.

स्टॅकला, म्हणजे शेवटी टाकलेलं आधी काढायच्या लिस्टला, चार ओळी जास्त लागतात. लिस्टमध्ये सुरुवातीचं घर टाका, लिस्ट रिकामी होईपर्यंत एकेक घर काढा, शेजारी टाका. घर लिस्टमध्ये टाकतानाच भरा. काढताना भरलंत तर तेच घर दोन-तीनदा आत येतं. ग्रिड किती मोठी येईल हे ठाऊक नसेल, तर डोळे झाकून हाच प्रकार घ्या.

रांग (आधी आलेलं घर आधी काढायचं), म्हणजे पायथॉनचं डेक, मला फक्त अंतर मोजायचं असेल तेव्हाच लागते. पाणी पाचव्या पावलाला कुठवर पोचलं हे तिच्यात आपोआप कळतं. साध्या लिस्टच्या पुढून घरं काढू नका. प्रत्येक वेळी मागची सगळी सरकतात.

काहीही निवडा, दोन खड्डे तेच. स्ट्रिंग जागेवर बदलत नाही, म्हणून प्रत्येक ओळीची आधी लिस्ट करा. दुसऱ्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली: उणे एक हा इंडेक्स पायथॉनला चालतो. वरची हद्द तपासायला विसरलो, तर रंग पहिल्या ओळीतून वर निघून थेट शेवटच्या ओळीत उतरला. एरर नाही, काही नाही. आणि ग्रिडमध्ये हौसेने ‘कि’ वगैरे अक्षरं टाकणार असाल तर जपून: पायथॉन त्याची दोन घरं मोजतो, क वेगळा आणि वेलांटी वेगळी.