ओव्हनचं दार उघडलं होतं, तरी मी १२,०४९ रुपये दिले

आधीच सांगते, मी अडाणी नाही. तेवीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत, ओटीपी कुणाला सांगत नाही, वीज कापण्याचे मेसेज आले तर हसून डिलीट करते. तरी १२,०४९ रुपये गेले, आणि तेही माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच डोळ्यांदेखत.

घरून नानकटाई आणि केक विकते. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत ओव्हन स्वच्छ करावा म्हणून सेल्फ क्लीन लावलं. ज्यांच्याकडे असा ओव्हन आहे त्यांना माहीत असेल, आत जवळजवळ पाचशे अंश तापतं, चिकटलेलं तूप-साखर जळून राख होते आणि तोवर दार आपोआप लॉक राहतं. चाळीस मिनिटं झाली असतील, लाइट गेली. पंधरा मिनिटांनी आली तेव्हा स्क्रीनवर कुलपाचं चित्र आणि एक एररचा कोड लुकलुकत होता. वाटलं, गार झालं की सुटेल. सकाळी ओव्हन थंडगार, दार तसंच बंद. आत माझे दोन ट्रे (ते काढूनच क्लीन लावायचं असतं, मला माहीत होतं, कंटाळा केला).

वॉरंटीचं पुस्तक शोधायला माळ्यावर कोण चढणार? मोबाइलवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ टाकलं, सगळ्यात वर आलेला नंबर लावला. तो नंबर म्हणजे जाहिरात होती. तिथे बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. चष्मा फ्रीजवर होता.

तासाभरात माणूस हजर. इथेच शंका यायला हवी होती. मुंबईत कुठली कंपनी तासाभरात माणूस पाठवते? गळ्यात कार्ड होतं, पण उलटं लटकलेलं. आणि मराठी बोलला हो! कोरेगावचा म्हणाला, माझं माहेर साताऱ्याचं. ‘ताई, ताई’ करत बूट बाहेर काढून आत आला. मी त्याला चहा दिला. आलं घालून.

आता मुख्य गोष्ट. त्याने ओव्हनचा एमसीबी (विजेच्या बॉक्समधला खटका) पाडला आणि माझ्याकडे जुनं फडकं मागितलं. मी बाल्कनीत जाऊन शोधून आणेपर्यंत पाच-सात मिनिटं गेली. मी दारात असतानाच त्याने एमसीबी वर केला. आतून घर्रर्र आवाज आला आणि मग खट! मी स्वतः ऐकलं. दार बोटभर पुढे आलं. मी म्हटलंसुद्धा, “अहो, उघडलं की!” त्याने पटकन हात लावून दार दाबून धरलं आणि म्हणाला, “ताई, हे तात्पुरतं आहे. ओव्हन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक बोर्ड उडालंय. पुढच्या वेळी पाचशे अंशांवर असताना लॉक सुटलं तर? घरात लहान मूल आहे का?”

नातू आहे. मी गप्प बसले.

ते ‘खट’ मला अजून रात्री ऐकू येतं. दुरुस्ती तिथेच संपली होती. फुकटात.

वायरी तपासायचा मीटर त्याने पिशवीतून काढलाच नाही. व्हिजिटचे ४९९, बोर्ड ६,५००, डोअर लॉक असेंब्ली ४,२००, ‘सेन्सर सेटिंग’ ८५०. जुनं बोर्ड एक्स्चेंजला दिलं नाही तर नवीन १३,००० ला पडेल, म्हणून ते काढून पिशवीत टाकलं. क्यूआर कुठल्याशा मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचा निघाला. विचारलं तर “कंपनीचं सर्व्हर डाउन आहे” म्हणाला. आधी ४९९, मग ११,५५० भरले. पक्की पावती ‘उद्या नव्या बोर्डाबरोबर’. तो उद्या अजून आलेला नाही. जुनं बोर्ड जो पिशवीत घालून नेतो, त्याला दारातच अडवा. हे तरी माझ्याकडून शिका.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली, पोचपावतीचा नंबर मिळाला. पण मला कळायलाच तीन दिवस लागले होते, तोवर खात्यात काय राहणार? त्यांनी सांगितलं, जवळच्या पोलीस ठाण्यात जा. तिथले साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही स्वतः बोलावलंत, स्वतः पैसे दिलेत, हे सायबर नाही, दिवाणी आहे.” सायबरवाले म्हणाले, हद्दीच्या ठाण्यात जा. पुन्हा ठाण्यात गेले तर साहेब बंदोबस्ताला. अर्ज घेतला, शिक्का मारून द्या म्हटलं तर “शिक्का आतल्या खोलीत आहे.” फसवणुकीचं कलम ४२० आता नव्या कायद्यात ३१८ झालंय हे मी घरी वाचून गेले होते, तेही त्यांना सांगितलं. त्यावर हवालदार म्हणाला, “काकू, तुम्ही वकील आहात का?” बँकेने तर चार ओळींत निकाल लावला: व्यवहार आपण पिन टाकून केलेला असल्याने यशस्वी. यशस्वी! आणि खऱ्या कंपनीचं म्हणणं, तो आमचा माणूसच नव्हे, तक्रार कशाची घेणार?

शेवटी माळ्यावर चढले. पुस्तकातल्या नंबरवर फोन केला, चौथ्या दिवशी माणूस आला. ६५० अधिक जीएसटी, ७६७ रुपये, पावतीसकट. बोर्डाची रिकामी जागा बघून त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, दाराच्या लॉकचा आकडा एक छोटी मोटर फिरवते, आकडा आत आहे की बाहेर हे तिथला बारीक स्विच बोर्डाला सांगतो. मध्येच लाइट गेली की बोर्ड गोंधळतं. ओव्हन पूर्ण गार होऊ द्यायचा, एमसीबी पाच-दहा मिनिटं बंद ठेवायचा, परत चालू केला की बोर्ड पहिल्यापासून तपासतं आणि बहुतेक वेळा आकडा सोडतं. नाहीच सुटला तर मोटर, स्विच, वायर मीटरने बघायची. बोर्ड सगळ्यात शेवटी. स्क्रू ड्रायव्हर घालून दार उचकटायचं नाही. आणि सणाच्या तोंडावर सेल्फ क्लीन लावायचंच नाही, हे त्याने दोनदा सांगितलं.

कुठे सेकंडहँड बोर्ड मिळतंय का म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोडही पालथा घातला. ग्रँट रोडला उतरून फोटो दाखवत सात दुकानं केली. एकाने विचारलं, “जुनं कुठाय?” काय सांगणार! नवीन बोर्डाचे १४,२८० भरलेत. म्हणजे एकूण २७,०९६. हे म्हणतात, जाऊ दे. त्यांना जाऊ दे म्हणायला काय जातं? नानकटाई शेजारणीच्या ओटीजीत, म्हणजे छोट्या टेबलावरच्या ओव्हनमध्ये, भाजली, एका वेळी बारा.

आज सकाळी पुन्हा शोधून बघितलं. तोच नंबर, तीच जाहिरात, सगळ्यात वर.