थकवा तपासणीची घरपोच पॅकेजेस: कोणतं घ्यावं, कोणतं सोडावं

घरात लहान मुलं असली की थकवा येणारच, असं म्हणत आईबाप महिनोन्‌महिने दुखणं अंगावर काढतात. सकाळी उठतानाच अंग जड, खांदे-पाठ भरून आलेली, जिना चढताना पाय उचलत नाहीत, आणि मूल झोपलं तरी आपला डोळा लागत नाही. अशा वेळी फोनवर ‘थकवा पॅकेज’ची जाहिरात दिसते. माणूस घरी येऊन रक्त नेणार, 70-80 चाचण्या होणार, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात आणि वर डॉक्टरांचा फोनही. आज वेगवेगळ्या लॅब अशी पॅकेजेस विकतात. हे परीक्षण कुठल्या एका लॅबचं नसून या एकूण सेवेचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. घरी येऊन रक्त नेण्याची सोय खरंच मोलाची आहे, कारण कडेवर एक आणि बोटाला एक घेऊन लॅबच्या रांगेत बसणं सोपं नसतं. पण पॅकेज निवडाल तर सर्वांत छोटं निवडा. मोठ्या पॅकेजमध्ये जास्तीच्या पैशात बहुतेकदा जास्तीचा गोंधळच विकत मिळतो.

80 चाचण्या हा आकडा येतो कुठून, ते बघा. रक्तपेशी मोजणारी साधी सीबीसी म्हणजे एक नळी आणि एक तपासणी, पण रिपोर्टवर तिच्या वीसेक ओळी होतात. लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरेच्या तपासणीत, मोजलेल्या आकड्यांचे एकमेकांशी भागाकार करून आणखी ओळी तयार होतात. लिव्हर प्रोफाइलच्या दहा-बारा, लघवीच्या तितक्याच. जाहिरातीत प्रत्येक ओळ ‘एक चाचणी’ म्हणून मोजली जाते. म्हणून बुकिंग करताना आकड्याकडे पाहू नका, यादी उघडून वाचा. 80 ओळींच्या पॅकेजमध्ये लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन नाही, असं सर्रास दिसतं.

दुसरी अडचण गणिताची आहे. नॉर्मल रेंज बहुधा अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी 95 टक्के लोक तिच्या आत बसतील. म्हणजे ठणठणीत माणसाचीही प्रत्येक चाचणी 20 पैकी एकदा रेंजबाहेर जाणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या तर निदान एक तरी लाल अक्षरात येण्याची शक्यता 64 टक्के होते, 40 केल्या तर 87 टक्के. मग त्या एका लाल आकड्यामागे पुन्हा रक्त, सोनोग्राफी, तज्ज्ञांची भेट अशी धावपळ सुरू होते आणि मूळ थकवा बाजूलाच राहतो.

मग यादीत असायला काय हवं? सीबीसी, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, एचबीए1सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) किंवा उपाशीपोटीची साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेजसह लिव्हरची एन्झाइम्स, बी12, आणि शरीरातली सूज दाखवणाऱ्या सीआरपी किंवा ईएसआर यांपैकी एक. अंगदुखी जास्त असेल तर 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. स्नायू खरोखर कमजोर वाटत असतील, खाली बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नसेल, तर सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम. थकवा लांबला असेल किंवा लोह का कमी आहे ते कळत नसेल, तर सीलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, टीटीजी-आयजीए अँटिबॉडी चाचणी आणि सोबत एकूण आयजीए. ही सीलिअॅकची चाचणी रोजच्या जेवणात गहू असतानाच करायची. आधीच गहू बंद केलेला असेल तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आणि गर्भ राहण्याची थोडीही शक्यता असेल तर सगळ्यांच्या आधी घरच्या घरी प्रेग्नन्सी टेस्ट. बहुतेक थकवा पॅकेजेस हे सुचवत नाहीत, हे आम्हाला खटकतं.

फेरिटिनवर आमचा भर असण्याला कारण आहे. हिमोग्लोबिन उतरण्याच्या बरंच आधी शरीरातला लोहाचा साठा रिकामा होतो, आणि थकवा त्या टप्प्यावरच सुरू होऊ शकतो. गरोदरपण, बाळंतपणातला रक्तस्राव आणि नंतर पुन्हा सुरू झालेली जड पाळी या ओळीने आलेल्या गोष्टींतून साठा भरून निघायला वेळच मिळत नाही. समजा रिपोर्टवर हिमोग्लोबिन 12.2, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) 79, आरडीडब्ल्यू (त्या आकारातला फरक) 16 आणि फेरिटिन 13 आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या स्त्रीत हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं तरच अॅनिमिया, म्हणून 12.2 काळ्या अक्षरात छापलं जातं. काही लॅबची फेरिटिनची खालची मर्यादाच 10 ते 13 च्या आसपास असते, त्यामुळे तेही काळ्यात. पण त्याच संघटनेच्या निकषात निरोगी प्रौढात 15 च्या खालचं फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता, आणि बरेच डॉक्टर 30 च्या खालीच लक्ष घालतात. छोट्या होत चाललेल्या पेशी आणि त्यांच्या आकारातला वाढलेला फरक, म्हणजे कमी एमसीव्ही आणि जास्त आरडीडब्ल्यू, हेही तेच सांगतात. ‘सगळं नॉर्मल’ असा शेरा मिळालेल्या या रिपोर्टमध्ये थकव्याचं कारण सरळ समोर लिहिलेलं असतं.

फेरिटिनची एक खोडही लक्षात ठेवा. सर्दी-ताप, जंतुसंसर्ग किंवा शरीरात कुठेही सूज असेल तर ते वाढतं आणि कमतरता झाकून टाकतं. शाळेत जाणारं मूल आठवड्याआड काहीतरी घरी आणतं, म्हणून ताप उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी रक्त द्यावं, आणि सीआरपी सोबत असावं ते याचसाठी. नुसतं ‘सीरम आयर्न’ असलेलं पॅकेज मात्र टाळा. तो आकडा दिवसभरात आणि जेवणानुसार इतका वर-खाली होतो की एकट्याने तो काहीच ठरवत नाही. आणखी एक गुंता: लोह कमी असेल तर एचबीए1सी खऱ्यापेक्षा थोडं जास्त दिसू शकतं. प्री-डायबेटिसच्या, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, 5.7 ते 6.4 या पट्ट्यात जेमतेम शिरलेला आकडा आणि कमी फेरिटिन एकत्र दिसले, तर घाबरून जाण्याआधी साखर वेगळी तपासून घ्या.

थायरॉइडचंही असंच. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात शंभरातल्या साधारण पाच बायकांना थायरॉइडला सूज येते. आधी काही आठवडे हार्मोन जास्त होतं: धडधड, चिडचिड, वजन उतरणं. मग बाळ साधारण चार ते आठ महिन्यांचं असताना ते कमी होतं आणि थकवा, अंगदुखी, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं सुरू होतं. नेमक्या याच काळात सगळे म्हणतात, ‘बाळाची जागरणं आहेत, होणारच.’ एका टीएसएचवर निकाल लावू नका. आकडा रेंजबाहेर असेल तर फ्री टी4 (थायरॉइडचं हार्मोन) आणि टीपीओ अँटिबॉडी (थायरॉइडविरुद्ध शरीरानेच बनवलेली), आणि काही आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. केस गळतात म्हणून बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन दिवस आधी बंद करा, डोस मोठा असेल तर त्याहून आधी. बऱ्याच यंत्रांच्या पद्धतीत बायोटिन ढवळाढवळ करतं. टीएसएच खोटं कमी, टी4 खोटं जास्त दिसतं आणि नसलेला हायपरथायरॉइड (थायरॉइड हार्मोन जास्त असणं) कागदावर उमटतो. लॅबच्या सूचनांमध्ये उपाशी राहण्याबद्दल ठळक अक्षरं असतात, बायोटिनबद्दल बहुधा एक ओळही नसते.

मोठ्या पॅकेजांतल्या काही गोष्टी आम्ही सरळ सोडा म्हणू. लाळेतून कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन मोजून ‘अॅड्रिनल फटीग’, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथी थकल्याचं, सांगणारे किट: अशा आजाराला हार्मोनतज्ज्ञांच्या संघटना मान्यता देत नाहीत. अन्न सोसत नाही म्हणून त्या अन्नाविरुद्धच्या अँटिबॉडीची आयजीजी चाचणी: ती फार तर तुम्ही ते अन्न खाता एवढंच सांगते. सीए-125, सीईएसारखे कॅन्सरशी जोडलेले ट्यूमर मार्कर थकव्याचं कारण शोधायला नाहीतच. एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी, ही चांगली चाचणी आहे, पण सांधे सुजणं, चेहऱ्यावर पुरळ, तोंडात फोड अशी लक्षणं असतील तेव्हाच. लक्षणांशिवाय केलेली एएनए निरोगी माणसांतही पुष्कळदा कमी पातळीवर पॉझिटिव्ह येते आणि मग ल्यूपसच्या (शरीर स्वतःवरच हल्ला करतं अशा आजाराच्या) भीतीने झोप उडते. थकलेल्या माणसाची झोप उडवणारी चाचणी विकणं आम्हाला मान्य नाही.

आता घरी रक्त घेण्याबद्दल. दर्जाचा खरा फरक इथे पडतो आणि तो तुम्ही डोळ्यांनी पाहू शकता. आलेल्या माणसाने तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख तुमच्याकडून वदवून घ्यायला हवी, सुई सीलबंद पाकिटातून काढायला हवी. दंडाचा पट्टा एका मिनिटाहून जास्त बांधलेला राहू नये. जास्त वेळ राहिला की रक्त घट्ट होऊन प्रथिनं, कॅल्शियम वाढलेलं दिसतं. मूठ पुन्हा पुन्हा उघड-मीट करायला सांगितली तर पोटॅशियम खोटं वाढतं. पिवळ्या किंवा लाल टोपणाची नळी आधी, जांभळी नंतर, राखाडी शेवटी. उलट झालं आणि जांभळीतलं रसायन पिवळीत गेलं, तर पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम भलतंच खाली येतं. नळ्या हलक्या हाताने उलट्यासुलट्या करायच्या, जोरात हलवायच्या नाहीत. लेबल तुमच्यासमोर लागलं पाहिजे, खाली गाडीत बसून नाही. पिवळ्या नळीतलं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचा पाण्यासारखा भाग, शक्यतो दोन तासांत यंत्रात (सेंट्रिफ्यूजमध्ये) नळी फिरवून वेगळं व्हायला हवं, म्हणून विचारा: ‘इथून पुढे किती घरं आहेत, आणि सेंट्रिफ्यूज कुठे होतं?’ उत्तर ‘दुपारपर्यंत गोळा करतो’ असं असेल तर पोटॅशियम आणि साखरेच्या आकड्यावर विसंबू नका. लॅबला आयएसओ 15189 (वैद्यकीय लॅबच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता आहे का आणि ती तुमच्या चाचण्यांना लागू आहे का, हेही बुकिंगआधी विचारून घ्या.

उपाशी राहणं साखर आणि ट्रायग्लिसराइडसाठी लागतं. सीबीसी, फेरिटिन, टीएसएच, बी12, डी, एचबीए1सी यांसाठी लागत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने उगाच बारा तास उपाशी राहू नये. पाणी कधीही चालतं. बी12 च्या गोळ्या किंवा इंजेक्शन नुकतीच घेतली असतील तर आकडा चांगला दिसेल, पण त्यावरून काही कळणार नाही. सीके करायची असेल तर आधीचे दोन-तीन दिवस जड व्यायाम नको.

रिपोर्टनंतरचा डॉक्टरांचा फोन ही या सेवेची सर्वांत कच्ची बाजू. पाच-सात मिनिटांत लाल आकडे वाचून दाखवले जातात आणि सप्लिमेंटची यादी येते. ज्या गोष्टी रक्तात दिसतच नाहीत त्या विचारल्या जात नाहीत, आणि लहान मुलांच्या आईबापांत नेमक्या त्याच जास्त सापडतात. जोडीदार म्हणतो का की घोरता घोरता श्वास थांबतो? असेल तर झोपेची तपासणी हवी. रात्री पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही का? असेल तर पुन्हा फेरिटिनकडे बघा, या त्रासात 75 पर्यंतच्या आकड्यालाही उपचार देतात. मनगटात अंगठ्याच्या बाजूला कळ येते आणि बाळाला बगलेत हात घालून उचलताना ती वाढते का? तो डी क्वेर्व्हेन, स्नायुबंधाच्या आवरणाची सूज. त्यासाठी रक्त नको, अंगठ्याला आधार देणारा पट्टा आणि बाळाला तळव्यांवर, ढुंगणाखाली हात घालून उचलणं हवं. थोडं काम केलं की दुसऱ्या दिवशी पार कोलमडता आणि कित्येक दिवस सावरत नाही, असं होतं का? मग ‘व्यायाम वाढवा’ हा सल्ला घेऊ नका. एमई/सीएफएसचा, म्हणजे दीर्घकाळच्या तीव्र थकव्याच्या आजाराचा, विचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जा.

आणि मन. आनंद वाटत नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, आपण वाईट आई किंवा वाईट बाप आहोत असं सतत वाटतं, तर ते आधी तपासा. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी एडिनबरा स्केल नावाची 10 प्रश्नांची यादी आहे. मागच्या 7 दिवसांबद्दल विचारते, पाच मिनिटांत होते. नैराश्य बापालाही येतं. ही यादी पॅकेजमध्ये घालायला लॅबला जवळजवळ काहीच खर्च नाही, तरी ती नसते. या सेवेत एकच सुधारणा करायची असेल तर आम्ही हीच मागू.

काही लक्षणांत पॅकेज बुक करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा: छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, आपोआप उतरणारं वजन, रात्री घामाने भिजणं, न उतरणारा ताप, काळी किंवा रक्ताची शी, सुजलेले सांधे आणि सकाळी तासभर न सुटणारा आखडलेपणा, एखाद्या हातापायातली ताकद जाणं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर त्याच क्षणी कुणाला तरी जवळ बोलवा आणि तातडीची मदत घ्या.

उपचार सुरू झाल्यावर लॅबकडून ‘दर महिन्याला पुन्हा तपासा’ असे मेसेज येत राहतात. तेवढी घाई लागत नाही. अॅनिमिया असेल तर लोहाची गोळी सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी फक्त हिमोग्लोबिन बघा. ते वाढत नसेल तर गोळी नीट घेतली जाते का आणि रक्त कुठून जातंय का, हे डॉक्टर बघतील. हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने गोळी चालू लागते. थायरॉइडचा डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी, एचबीए1सी आणि व्हिटॅमिन डी तीन महिन्यांनी. त्या वेळी पूर्ण पॅकेज पुन्हा घेऊ नका, तेवढी एकच चाचणी सुटी मागा. बहुतेक लॅब ती देतात, फक्त अॅपमध्ये पहिल्या पानावर दाखवत नाहीत.