थेट मराठी ते वेल्श म्हणवणारं ॲप: वर्षभराच्या वापरानंतर

वर्गणी परवा आपोआप कापली गेली. पैसे परत मागितले तर कंपनीने नाही म्हणून कळवलं, तेव्हा सविस्तर लिहितेच. आम्ही वेल्समध्ये कार्डिफला राहतो, वेल्श ही इथली भाषा, लेक वेल्श माध्यमाच्या शाळेत जाते. घरातली साधी वाक्यं वेल्शमध्ये यावीत, एवढ्यासाठीच हे ॲप घेतलं होतं.

माझा खरा राग एकाच गोष्टीवर आहे. वेल्शमध्ये 'ती' आणि 'खी' असे दोन शब्द आहेत, म्हणजे चक्क आपले 'तू' आणि 'तुम्ही'. लेकीला 'ती', शाळेतल्या बाईंना, शेजारच्या आजोबांना 'खी'. चारजणांना मिळून बोलायचं तरी 'खी'च. इतकं सारखं असताना 'तुम्हाला चहा हवा का?' विचारलं, तर उत्तर आलं 'उइत ती इशे पानेद?' आजोबांना अरेतुरे! हवं होतं 'दिख खी'. तेच वाक्य इंग्रजीत टाकून पाहिलं, उत्तर अक्षर न् अक्षर तेच. म्हणजे मराठी आधी इंग्रजीत जाते, तिथे तू आणि तुम्ही दोघांचं 'यू' होतं, आणि मग पुढे ॲप अंदाजाने ठोकतं. याला 'थेट' म्हणून पैसे घ्यायचे?

'हो'चीही तीच गत. वेल्शमध्ये सगळीकडे चालेल असं एक 'हो' नाही. 'दूध आहे का?' 'आहे.' असं आपण बोलतो, तसंच तिकडे 'ओइस?' ला 'ओइस'. झालेल्या गोष्टीबद्दल विचारलं तर 'दो'. ॲप मात्र जिथेतिथे 'ये' देतं.

मध्यंतरी माझं मत थोडं निवळलं, तेही सांगते. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. मांजर म्हणजे 'काथ'. त्याची मांजर 'ई गाथ', तिची 'ई खाथ'. 'ई' दोन्हीकडे तोच, फरक फक्त पुढच्या अक्षरात. हे ॲपने एकदाही चुकवलं नाही. इंग्रजीत त्याचं-तिचं वेगळं राहतं ना, म्हणून! कॅमेऱ्याने पाट्या वाचायलाही ते छान आहे.

पण पैसे कशाला घालवायचे? बँगॉर विद्यापीठाचं 'आप गेइर्यादिरॉन' मोफत आहे. इंग्रजी-वेल्श शब्दकोश आहे, पण 'खाथ' टाकलं तरी 'काथ'पाशी नेतो. लिहिलेलं तपासायला त्यांचंच 'किसिल' आहे, बदललेली अक्षरंही बघतं.

छापायचं असेल तर मात्र वेल्श येणारं माणूसच गाठा. 2008 मध्ये स्वान्सीत अवजड वाहनांना बंदीची पाटी लागली. तिच्यावर वेल्शमध्ये छापलं होतं: 'मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचं काम पाठवून द्या.' भाषांतरकाराच्या ईमेलचं आपोआप आलेलं उत्तर कुणीही न वाचता पाटीवर गेलं. आमच्या गणपतीच्या फलकाचा मजकूर म्हणूनच लेकीच्या बाईंकडून वाचून घेतला.

ज्यांनी वर्गणी भरली आहे त्यांनी नूतनीकरण आजच बंद करा. ते बटण ॲपमध्ये शोधू नका, आयफोनवर सेटिंगमध्ये, अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये 'सबस्क्रिप्शन'खाली आहे.